एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा : वाट आणि वारा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला बोलावणे पाठविले तेव्हा त्यांच्या मनात असे होते की, आम्ही कामगार कायद्यावर बोलावे. तो विषय आम्ही बारा महिने कारखान्यांच्या फाटकांपाशी बोलतच असतो. वसंतातल्या संध्याकाळी, घरची माणसे घेऊन आलेल्या श्रोत्यांपुढे तोच पाढा पुन्हा कशाला वाचायचा? म्हणून आम्ही विषय कळविला : शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यती, आणि त्यांत वाट कशी निवडतात. चिटणीस थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, आपल्या दोन्ही तालुक्यांत समुद्र कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. आमचा स्वतःचा जलप्रवास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचीपलीकडे गेलेला नाही, आणि त्याही प्रवासात आमची शोभा झालेली आहे. आज जे सांगणार आहोत ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि मुलांच्या शाळेच्या नकाशावर बोट फिरवून शिकलेले आहे. जाणकारांनी चूक काढावी, आम्ही ऐकू.

परंतु कर्जत-खालापुरात समुद्र नसला तरी समुद्राचा वारा आहे. जूनमध्ये माथेरानला आणि खंडाळ्याच्या कड्याला जो वारा येऊन थडकतो, तो कोठून निघालेला असतो? हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. उन्हाळ्यात आपली जमीन तापली की हे वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून आपल्या अंगावर येतात. उल्हास आणि पाताळगंगा या दोन नद्या पावसाळ्यात फुगतात त्या या वाऱ्याने आणलेल्या पाण्यावर. म्हणजे मुंबईहून दक्षिणेस निघालेला दर्यावर्दी ज्या वाऱ्याशी झगडत जातो, त्याच वाऱ्यावर आपले भात पिकते. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

आता आपली माणसे कोण, ते आधी सांगतो. आरमारातले व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातल्या विंचुर्णी गावी राहत. भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. आवटी २०१८ साली वारले; पण त्याआधी त्यांनी हे काम दोनदा झालेले पाहिले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत छप्पन्न फुटांची होडी बांधली गेली आणि मांडवी जिला उगमाकडे म्हादई म्हणतात, त्या नदीचे नाव तिला मिळाले. दिलीप दोंदे या मराठी आरमारी अधिकाऱ्याने १९ ऑगस्ट २००९ रोजी 'म्हादई' मुंबईहून बाहेर काढली आणि फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन अशा चार बंदरांत थांबत १९ मे २०१० रोजी परत आणली. एकट्याने प्रदक्षिणा पुरी करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर अभिलाष टॉमी हे केरळचे अधिकारी त्याच होडीतून १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईस परतले. दीडशे दिवस, तेवीस हजारांहून अधिक सागरी मैल. सागरी मैल आपल्या किलोमीटरच्या पावणेदोन पटींहून थोडा अधिक असतो.

या दोन्ही सफरी होत्या, शर्यती नव्हत्या. दोंदे आणि टॉमी यांच्या मागे दुसरी होडी नव्हती, पण पंचांग होते. ते पंचांग असे. प्रदक्षिणा करणाऱ्याला दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली उतरावे लागते आणि केप हॉर्नला तर छप्पन्न अंशांपर्यंत जावे लागते. तेथे तग धरण्याजोगा काळ म्हणजे तिकडचा उन्हाळा, डिसेंबर ते फेब्रुवारी. आणि मुंबईहून निघालेल्याला दुसरेही कुलूप आहे : परतताना अरबी समुद्रात पावसाळा सुरू होण्याआधी शिरले पाहिजे. नोव्हेंबरात निघाले की ईशान्येचा वारा पाठीशी घेऊन दक्षिणेस उतरता येते, जानेवारीत हॉर्न गाठता येते, आणि उन्हाळ्यात घरी. दोंद्यांना बंदरांत थांबत जायचे होते, म्हणून त्यांना ऑगस्टातच, नैर्ऋत्येचा वारा अंगावर घेत निघावे लागले. सुकाणूला हात लावण्याआधीच अर्धी वाट तारखेने ठरविलेली असते. ही तारखेची गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे आम्हांला परत यायचे आहे.

आता वाटेकडे वळू. सामान्य माणसाला वाटते की दोन ठिकाणांमधली सरळ रेघ ही जवळची वाट. आपल्या गावातल्या पोराला विचारा, तो असे म्हणणार नाही. कर्जतला गाडी थांबते, मागून इंजिने जोडतात, आपण वडे खातो, आणि मग गाडी वळसे घेत, बोगद्यांतून लपत घाट चढते. १८६३ साली हा मार्ग खुला झाला. सदतीस फुटांना एक फूट चढ, त्याहून जास्त इंजिनाला झेपेना, म्हणून वाट लांबवावी लागली. तो बांधताना हजारो मजूर दगावले. जुन्या हमरस्त्याने खोपोलीहून चढताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. साहेबाला घाटाची वाट सापडेना तेव्हा एका धनगराने ती दाखविली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे. पण वाट कागदावर सापडत नाही, ती चालणाऱ्याला ठाऊक असते, एवढे ज्ञान त्या आख्यायिकेत आहे.

समुद्रावरची चढण म्हणजे वारा नसणे. युरोपातून निघालेली होडी अटलांटिकमधून आफ्रिकेच्या टोकाकडे जाते. नकाशावर सरळ रेघ आफ्रिकेच्या कडेने उतरते. त्या रेघेने जो जाईल तो मेला. प्रथम विषुववृत्ताजवळ निर्वात पट्टा लागतो. तेथे वारा दिवसचे दिवस पडतो, मध्येच काळा ढग येऊन झोडपून काढतो आणि पुन्हा पाणी तेलासारखे होते. हा पट्टा कोठे अरुंद आहे ते हेरून तेथूनच आत शिरायचे. तो ओलांडला की दक्षिण अटलांटिकच्या मधोमध सेंट हेलेना बेटाच्या आसपास जास्त दाबाचे एक प्रचंड क्षेत्र बसलेले असते. त्याच्या पोटात वारा नाही, कडेने मात्र चक्राकार वाहतो. दक्षिण गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट. म्हणून होडी ब्राझीलच्या बाजूला सरकते, त्या क्षेत्राला डावीकडे ठेवून वळसा घालते, आणि शेकडो मैल जास्त चालून कितीतरी दिवस आधी पोहोचते. हे काही आजचे शहाणपण नव्हे. १४९७ साली वास्को द गामा आफ्रिकेचा किनारा सोडून असाच समुद्रात लांब पश्चिमेला गेला होता. ते क्षेत्र एका जागी स्थिर नसते, दर आठवड्याला सरकते. किती आत कापायचे याचा हिशेब चुकला की शर्यत तेथेच हातची जाते.

त्या क्षेत्राच्या खाली चाळीस अंशांवर आपल्या भूगोलाच्या पुस्तकातले 'गरजणारे चाळीस' सुरू होतात. येथे पृथ्वीभोवती जमिनीचा अडसर जवळजवळ नाहीच. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे अखंड फिरतो. म्हणून प्रदक्षिणा पश्चिमेकडून पूर्वेकडेच करतात. आणि येथे मोह असा की, जितके दक्षिणेस जावे तितकी प्रदक्षिणा आखूड. रेखांशाचा एक अंश चाळीस अंशांवर सेहेचाळीस सागरी मैलांचा असतो, पन्नासावर साडेअडतीस मैलांचा, साठावर तीसच. शंभर अंश जायचे तर चाळीसावरून पन्नासावर उतरण्यात सातआठशे मैल वाचतात. दामदुप्पट व्याज मिळावे तसा हा हिशेब आहे, आणि तसल्या व्याजात असते तेच येथेही असते : मुद्दल धोक्यात. थंडी, हिमनग, मोठ्या लाटा, आणि मदत पोहोचण्यास लागणारे दिवस हे सगळे त्याच प्रमाणात वाढतात. प्रशांत महासागरात तर अशी जागा आहे की, तेथून कोणतीही जमीन सुमारे सत्तावीसशे किलोमीटरच्या आत नाही.

येथल्या वादळांची रीत जरा समजून घ्यावी लागते. कमी दाबाची आवर्ते एकामागून एक पूर्वेकडे धावत असतात, ताशी वीस-तीस मैलांनी, कधी त्याहून जोरात. ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. आवर्ताच्या मध्याच्या उत्तरेस राहिले तर वारा पाठीमागून. दक्षिणेस सापडले तर समोरून. उत्तरेस फार सरकले तर जास्त दाबाच्या निर्वातात अडकायचे. तेव्हा चालायला जागा म्हणजे या दोहोंमधला एक बोळ, आणि तो बोळही सरकता. आवर्त अंगावर येते तेव्हा आधी वायव्येचा वारा सुटतो, मग एका तासात तो नैर्ऋत्येला फिरतो. वारा फिरतो, पण जुन्या वाऱ्याने उठविलेल्या लाटा फिरत नाहीत; त्यांच्यावर नव्या लाटा आडव्या चढतात. होड्या उलटतात त्या बहुधा या आडव्या पाण्यात.

आता वेगाचा भेद पाहा. फ्रान्समधल्या ले साब्ल दोलोन बंदरातून १९८९ पासून साधारणतः दर चार वर्षांनी 'वांदे ग्लोब' नावाची शर्यत सुटते. आजच्या तिच्या होड्या साठ फुटांच्या. वारा चांगला लागला की ताशी वीस-तीस मैल सहज कापतात. म्हणजे त्या आवर्ताच्या पुढे राहून त्याच्याबरोबर धावू शकतात. त्यांना वादळ म्हणजे गाडी आहे. वेळेवर फलाटावर असले की बसता येते. पण बत्तीस-छत्तीस फुटांची जुन्या घडणीची होडी पाच-सहा मैलांनीच चालते. तिच्यावरून आवर्ते एकापाठोपाठ एक निघून जातात. तिला गाडी पकडता येत नाही, रुळांवरून बाजूला व्हायचे तेवढे तिच्या हाती.

वांदे ग्लोबचा नियम असा की, किनाऱ्यावरच्या कोणी वाट सांगायची नाही. हवामानाचे आकडे मागवावेत, होडीवरच्या यंत्रात घालावेत, यंत्र दहा वाटा दाखवील, निवड एकट्याची. आणि तो एकटा सलग झोपलेला नसतो, वीस-तीस मिनिटांच्या डुलक्यांवर असतो. अंदाजाचा भरवसा चार-पाच दिवसांपलीकडे उतरत जातो. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात मोठे आवर्त आले तेव्हा आघाडीवरच्या अनेकांनी उत्तरेकडे सरून त्याला वाट दिली. शार्ली दालँ आणि सेबास्तियाँ सिमाँ हे दोघे दक्षिणेकडून त्याच्या पुढे निसटले आणि शेकडो मैल पुढे गेले. धाडस फळले म्हणावे, तर पुढे प्रशांत महासागरात दालँची आघाडी विरून गेली आणि उत्तरेच्या वाटेने गेलेला योआन रिशोम केप हॉर्नला त्याच्या नऊ-दहा मिनिटे आधी होता! अखेर दालँच जिंकला, चौसष्ट दिवस एकोणीस तासांत, सुमारे एका दिवसाच्या फरकाने. तो फरक हॉर्ननंतर अटलांटिकमध्ये पडला. वर्तमानपत्रे मात्र वादळाचीच गोष्ट सांगतात.

येथे आमच्या धंद्यातला एक मुद्दा येतो, तो तुम्ही सहन करावा. समजा दोन दर्यावर्दी आहेत. एक पन्नास अंशांवर उतरतो. दुसऱ्याला ते वेडेपणाचे वाटते, पण तो वर राहिला तर हरतो. म्हणून तोही उतरतो. मग पहिला बावन्नावर जातो. कोणाचीही इच्छा नसता दोघेही बर्फात जाऊन पोहोचतात. हे आम्ही समुद्रावर पाहिलेले नाही, पण कंत्राटी कामाच्या दरात आयुष्यभर पाहिले आहे. एकटा सावध राहिला तर सावधपणाची किंमत त्या एकट्याला पडते. सर्वांना मिळून एक रेघ घातली तर ती कोणालाच पडत नाही. १९९६-९७ च्या वांदे ग्लोबमध्ये दक्षिणेस होड्यांमागून होड्या उलटल्या. पीट गॉस या इंग्रज खलाशाने शर्यत सोडून वादळाच्या तोंडावर मागे जाऊन राफाएल दिनेली या प्रतिस्पर्ध्याला वाचविले. जेरी रूफ हा कॅनडाचा दर्यावर्दी मात्र प्रशांत महासागरात कायमचा हरपला. पुढच्या शर्यतींत आधी काही ठिकाणी 'दारे' ठेवली, त्यांच्या उत्तरेने जायचे. नंतर अंटार्क्टिकाभोवती सरळ रेघच आखली, तिच्या दक्षिणेस जाणाऱ्यास दंड. काही जण म्हणाले की यात साहस उरले नाही. कारखान्यातल्या यंत्राला जाळी बसविली तेव्हाही असे म्हणणारे होते.

आता तारखेकडे परत येतो. या शर्यतींचे मूळ १९६८ सालच्या गोल्डन ग्लोबमध्ये आहे. एका इंग्रजी वर्तमानपत्राने ती पुकारली. अट एवढीच की १ जून ते ३१ ऑक्टोबर यांच्या दरम्यान केव्हाही निघा. नऊ जण निघाले, एक पोहोचला : रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची 'सुहैली' ही बत्तीस फुटांची सागवानी होडी आपल्या मुंबईत, कुलाब्याला, इथल्या सुतारांच्या हातून बांधली गेली होती. सुहैली हे इराणच्या आखातातल्या एका वाऱ्याचे नाव. इतरांच्या मानाने ती संथ, म्हणून तो १४ जूनलाच निघाला. लवकर निघाला म्हणून सप्टेंबरच्या आरंभी, तिकडचा हिवाळा सरला नसताना, केप ऑफ गुड होपच्या खाली चाळीस अंशांत शिरला, आणि तेथे एका लाटेने सुहैलीला पाण्यावर आडवी पाडली. गोड्या पाण्याच्या टाक्या नासल्या, पुढे रेडिओ बंद पडला, ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. शेवटी चार महिने कोणाला तिची बातमी नव्हती. २२ एप्रिल १९६९ रोजी, तीनशे बारा दिवसांनी, तो फाल्मथला पोहोचला. आम्हांला त्या सुतारांची नावे कोणत्याही पुस्तकात सापडलेली नाहीत.

त्याच शर्यतीतली एक दुसरी गोष्ट आम्ही ज्या दिवशी वाचली त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा इसम मुदतीच्या अखेरच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, कच्च्या होडीतून निघाला. दक्षिणेच्या समुद्रात शिरलो तर होडी फुटेल हे त्याला लवकरच कळले. पण परतलो तर कर्जात बुडू, हेही ठाऊक होते. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून आपण पुढे पुढे जात असल्याच्या खोट्या खबरा देऊ लागला. तिकडे नायजेल टेटली नावाचा प्रामाणिक माणूस खरोखरची प्रदक्षिणा जवळजवळ पुरी करून परतत होता. त्याची होडी खिळखिळी झालेली, वाट ठरली होती सावकाशीची. पण क्रोहर्स्ट पाठीवर येतो आहे अशी बातमी त्याला मिळाली, त्याने शिडे आवरली नाहीत, आणि २१ मे १९६९ रोजी घरापासून हजार-बाराशे मैलांवर होडी फुटून बुडाली. टेटली वाचला. जुलैमध्ये क्रोहर्स्टची होडी सापडली. तीत माणूस नव्हता. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याच्या कुटुंबाला देऊन टाकले.

झोप न येण्याचे कारण सांगतो. पुष्कळ वर्षांमागे याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात आम्ही संप चालविला होता. पाचव्या आठवड्यात घरोघरी डबे रिकामे झाले होते आणि तडजोडीचा कागद समोर होता. तेवढ्यात निरोप आला की, त्याच मालकाच्या दुसऱ्या गावच्या कारखान्यातही काम थांबले आहे, आणखी आठ दिवस धरा. आम्ही धरले. बातमी खोटी होती. सांगणाऱ्याने आम्हांला धीर यावा म्हणूनच सांगितली होती, इतकाच त्याचा गुन्हा. आठ दिवसांनी तो कागदही उरला नाही, आणि सोळा जण कामावर परत गेले नाहीत. वाट निवडणाऱ्याच्या हाती येणारी खबर ही शिडाइतकीच मजबूत असावी लागते, हे आम्ही टेटलीच्या आधी शिकलो होतो. पण त्याची गोष्ट वाचताना ते पुन्हा एकदा कळले.

खबरेचे दुसरे दुखणे असे की, ती खरी असूनही पुरत नाही. हवामानाचा इशारा शेकडो मैलांच्या समुद्राला मिळून एक असतो. कोणती लाट कोणाच्या होडीवर फुटणार ते त्यात नसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. पाऊस पडणार हे सर्वांना माहीत होते. कोणता उतार सुटणार, हे रायगड जिल्ह्याच्या नावाने निघालेल्या इशाऱ्यात कसे असणार? यावर अधिक बोलण्याचे हे ठिकाण नाही; येथे बसलेल्यांपैकी काही जण त्या पहाटे वर चढून गेले होते.

गोल्डन ग्लोबला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ साली ती शर्यत पुन्हा भरविली. जुन्या घडणीच्या लहान होड्या, उपग्रहाचा मार्गदर्शक नाही, सूर्यताऱ्यांवरून जागा काढायची. अभिलाष टॉमी 'थुरिया' नावाची होडी घेऊन उतरले. ती गोव्यात बांधलेली, सुहैलीचीच प्रतिकृती. शर्यत सुटली १ जुलैला. आता हिशेब करा : संथ होड्या, जुलैचा आरंभ, म्हणजे सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागर. पुन्हा सप्टेंबर! २१ सप्टेंबर २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे एकोणीसशे मैलांवर, टॉमी तिसऱ्या क्रमांकावर असताना, ताशी सत्तर मैलांच्या वाऱ्यात आणि चौदा मीटरच्या लाटांत थुरिया उलटली, डोलकाठी गेली, टॉमींचा पाठीचा कणा मोडला. हालचाल करता येईना. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनचीही डोलकाठी मोडली, तरी तो तशाच होडीने टॉमींकडे निघाला. भारतीय आरमाराच्या विमानाने मॉरिशसहून जाऊन होडी हुडकली, आणि तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलून अ‍ॅम्स्टरडॅम बेटावर नेले. त्या शर्यतीत अवघ्या पाच जणांनी प्रदक्षिणा पुरी केली.

टॉमींची वाट चुकली का, असा प्रश्न लोक विचारतात. आम्हांला तो प्रश्नच अर्धवट वाटतो. ताशी पाच-सहा मैलांच्या होडीने त्या आवर्तापुढून किती पळायचे? चुकली ती तारीख, आणि तारीख काही टॉमींनी ठरविलेली नव्हती. पुढच्या खेपेस भरविणाऱ्यांनी ती बदलली : २०२२ ची शर्यत ४ सप्टेंबरला सुटली, म्हणजे दक्षिणेच्या समुद्रात होड्या हिवाळा सरल्यावर शिरणार. अपघात तरीही झाले. नोव्हेंबरात फिनलंडच्या तापिओ लेहतिनेनची होडी बुडाली आणि कर्स्टन नॉयशेफर या दक्षिण आफ्रिकेच्या बाईंनी आपली वाट सोडून त्यांना तराफ्यावरून उचलले.

पाठीच्या कण्यात धातूच्या कांबी घालून घेतलेले टॉमी या शर्यतीतही होते. छत्तीस फुटांची 'बायानात' ही दुसऱ्याची जुनी होडी घेऊन. या वेळच्या त्यांच्या चालीत आम्हांला जे दिसते ते असे की, ते मोडतोड दुरुस्त करीत, होडी शाबूत राखीत, एकेक प्रतिस्पर्धी गळत असता आपल्या बोळातून पुढे सरकत राहिले. हॉर्न ओलांडून अटलांटिक चढताना सोळांपैकी पुढे उरल्या नॉयशेफरबाई आणि मागे टॉमी. आणि मग आला तोच विषुववृत्ताजवळचा निर्वात पट्टा. महिनोन्महिने वादळे सोसलेली ही दोन माणसे तेथे तेलासारख्या पाण्यावर शिडे लोंबत ठेवून वाऱ्याच्या झुळकीची वाट पाहत होती, आणि दोघांमधले अंतर कमी-जास्त होत होते. २७ एप्रिल २०२३ रोजी बाई ले साब्ल दोलोनला पोहोचल्या. एकट्याने जगप्रदक्षिणेची अशी शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री. टॉमी दोन दिवसांनी, २९ एप्रिलला, दोनशे छत्तीस दिवसांनंतर बंदरात आले. तिसरा गडी ऑस्ट्रियाचा मिखाएल गुगेनबर्गर. तो आणखी काही दिवसांनी आला, आणि त्याच्यामागे पुऱ्या नियमाने प्रदक्षिणा संपविणारा कोणी उरला नव्हता.

चिटणीस घड्याळ दाखवीत आहेत. मुंबईकडची शेवटची गाडी ज्यांना गाठायची आहे त्यांनी खुशाल उठावे. बाकीच्यांचे प्रश्न आम्ही घेतो.